तार्नच्या घळईत आईबाबांना घेऊन: गाडी लागेलच का?

सप्टेंबरात आईबाबांना घेऊन फ्रान्सच्या लोझेर भागात, तार्न नदीच्या घळईत, चार दिवस जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. मुक्काम कुठे करू? बसने जमेल का?

प्रतिसाद १
गाडी घ्याच. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा आहे, बसच्या भरवशावर राहू नका. मी फ्लोराकला राहिले होते. तिथून सेंत-एनिमी, मग ला मालेन. ला मालेनला नावाडी सपाट बुडाच्या होडीतून घळईत नेतात, बाबांना चालायला नको. पाणी इतकं नितळ की तळाचा गोटान् गोटा दिसतो.

पण जोंत नदीची घळई चुकवू नका! तिथली गिधाडं पार नाहीशी झाली होती, १९८१ पासून पुन्हा सोडली. एक अगदी डोक्यावरून गेलं, पंखांचा सूंऽऽ आवाज ऐकू आला. लहानपणी आजोळी गावाबाहेर गिधाडं बसलेली असायची, आता एक दिसत नाही. मला गलबलून आलं.

प्रतिसाद २
आईंसाठी आलिगो मागवा: घोटलेला बटाटा, ताजं चीज, लसूण. चमचा उचलला की हातभर तार निघते. मात्र तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, आधी सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता
हे बरं सांगितलंत, आईला नाही चालणार. फ्लोराकची खोली आजच बघतो. बाबांना गिधाडांचं वाचून दाखवलं, ते दुर्बीण शोधताहेत.