परवान्यावर एकच रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घ्यायचे असेल तर कोणते घ्यावे?

प्रश्न (उदगीर, जि. लातूर)

सर्वांना नमस्कार. आमची उदगीरला डाळ मिल आहे. तुरीचा हंगाम सुरू झाला की हमालांची मजुरी आणि किरकोळ खरेदी यांसाठी रोख रक्कम घेऊन लातूर रस्त्याने रात्री उशिरा यावे लागते. दोन वर्षांपूर्वी वाटमारीचा प्रसंग आल्यानंतर मी रीतसर अर्ज केला, पोलीस पडताळणी आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि आता जिल्हाधिकारी कार्यालयाकडून एका .32 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) शस्त्राचा परवाना मिळाला आहे. कायद्याने दोन शस्त्रे ठेवता येतात हे ठाऊक आहे, पण मला एकच ठेवायचे आहे आणि तेच सगळीकडे उपयोगी पडावे अशी इच्छा आहे: प्रवासात अंगावर, रात्री घरात, आणि रानडुकरांचा उपद्रव फार असल्यामुळे शेतातल्या आखाड्यावरही.

माझ्यासमोर कानपूरच्या कारखान्याचे जुन्या पद्धतीचे .32 रिव्हॉल्वर, हलके ‘निर्भीक’ आणि नवे ‘प्रबल’ ही रिव्हॉल्वरे, तसेच ‘अशनि’ पिस्तूल हे पर्याय आहेत. एका विक्रेत्याने जुने विदेशी पिस्तूलही दाखवले, पण त्याची किंमत देशी शस्त्राच्या कित्येक पट आहे. घरात वयस्कर आई आणि दोन लहान मुले आहेत, हेही लक्षात घेऊन सल्ला द्यावा.

उत्तर १ (परभणी)

उदगीरकर साहेब, माझी नोकरी सैन्याच्या शस्त्रागारात गेली. शस्त्र चालवणाऱ्यांपेक्षा बिघडलेली शस्त्रे मी जास्त पाहिली आहेत, म्हणून माझा सल्ला त्याच अंगाने घ्यावा.

आधी काडतुसाविषयी. 9 मिमी आणि .38 हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर असल्याने सामान्य नागरिकाची निवड प्रत्यक्षात .32 आणि .22 यांतच होते. मात्र .32 म्हटले की सगळी काडतुसे एकच, असा समज करून घेऊ नये. रिव्हॉल्वरमध्ये .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे लांब, काठ असलेले काडतूस चालते, तर अशनिसारख्या पिस्तुलात .32 एसीपी हे आखूड काडतूस लागते. ही एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. लांबच्या काडतुसाची गोळी जड आणि संथ असते, आखूडची हलकी आणि वेगवान असते, आणि दोन्हींचा जोर जवळपास सारखाच भरतो. त्यामुळे ताकदीच्या हिशेबाने निवड करण्यात अर्थ नाही. निवड विश्वासार्हतेवर आणि तुमच्या हाताला काय जमते त्यावर करावी.

माझे मत स्पष्टपणे रिव्हॉल्वरच्या बाजूने आहे. जो माणूस वर्षातून मोजक्याच वेळा सराव करणार आहे, ज्याचे शस्त्र महिनोन्महिने कपाटात राहणार आहे आणि ज्याला ते घाबरलेल्या अवस्थेत अंधारात वापरावे लागण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी काडतूस फुसके निघाले तर पुन्हा ट्रिगर दाबणे एवढाच उपाय असलेले यंत्र श्रेष्ठ आहे. पिस्तुलात तेच काडतूस निघाले तर दुसऱ्या हाताने स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून ते बाहेर काढावे लागते, आणि ही हालचाल शेकडो वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. शिवाय .32 एसीपीच्या बुडाचा काठ किंचित बाहेर असल्यामुळे मॅगझिन (काडतुसांची पेटी) चुकीच्या पद्धतीने भरले तर एकाचा काठ दुसऱ्याच्या मागे अडकतो आणि तो अडथळा घाईत सुटत नाही.

आता रिव्हॉल्वरमधली निवड. जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडते आणि सहाही टरफले एकदम बाहेर पडतात. ही वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घराण्याची रचना जुनी असली तरी आपल्या भागातल्या कोणत्याही जाणत्या कारागिराला समजते. 2014 साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असून सुमारे 500 ग्रॅम वजनाचे आहे. अंगावर बाळगायला ते उत्तम आहे, परंतु शस्त्र जितके हलके तितका झटका हाताला जास्त जाणवतो आणि त्यामुळे नवखा माणूस सरावच टाळू लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे सिलिंडर (काडतुसांचे कप्पे असलेला फिरता भाग) बाजूला उघडते. आपल्या देशात बनलेले अशा रचनेचे ते पहिले रिव्हॉल्वर म्हणून बाजारात आले आणि त्याचे वजन काडतुसांशिवाय 675 ग्रॅम आहे. तुमच्या गरजेला मी प्रबल किंवा जुने जड रिव्हॉल्वर सुचवीन. ते कमरेला थोडे जाणवेल, पण हातात स्थिर राहील.

विदेशी पिस्तुलाच्या नादी लागू नये. 1980 च्या दशकात सामान्य नागरिकांसाठीची आयात बंद झाल्यामुळे जुन्या मालाची किंमत चढली आहे. ती किंमत दुर्मीळपणाची आहे, त्यात गुणवत्तेचा वाटा थोडाच असतो. त्याची स्प्रिंग किंवा फायरिंग पिन तुटली तर सुटा भाग मिळवताना वर्ष जाईल.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)

मी नेमबाजी शिकवते. परभणीच्या काकांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण पिस्तुलाविषयी त्यांनी जे लिहिले ते सराव न करणाऱ्या माणसाला लागू पडते, आणि सराव न करणाऱ्या माणसाने मुळात कोणतेच शस्त्र बाळगू नये असे मला मनापासून वाटते. अशनि चपटे असल्याने कपड्याआड नीट बसते आणि मॅगझिन बदलून ते पुन्हा चटकन भरता येते. ज्याचा हात बसला आहे त्याला तेही पूर्ण भरवशाचे वाटेल.

तरीही या प्रश्नकर्त्यांसाठी माझीही निवड रिव्हॉल्वरच आहे, आणि तिचे कारण वेगळे आहे. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की ते रिकामे झाले, असे समजणारे पुष्कळ लोक मी पाहते. नळीच्या मागच्या कप्प्यात एक काडतूस उरलेले असू शकते आणि घरातले कितीतरी अपघात त्याच एका काडतुसाने होतात. रिव्हॉल्वर उघडले की सहाही कप्पे डोळ्यांसमोर असतात. लहान मुले असलेल्या घरात हा फरक मला वजन, आकार आणि किंमत या सर्वांपेक्षा मोठा वाटतो.

.32 लाँग काडतूस कमकुवत म्हणून त्याला नावे ठेवली जातात, पण आंतरराष्ट्रीय नेमबाजीत 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात कित्येक नेमबाज हेच काडतूस वापरतात, इतके ते नेमके आहे. अडचण त्याच्या संख्येची आहे. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते आणि सरावासाठी ती कधीच पुरत नाहीत. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एक, बनावट काडतुसे भरून घरी ड्राय फायर (गोळी न झाडता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव) करावे, आणि त्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीत असता कामा नयेत. दुसरी, जवळच्या रेंजवर जाऊन 10 मीटरवर हवाई पिस्तूल चालवावे. श्वास, पकड आणि ट्रिगरवरचा एकसारखा दाब हे सगळे तिथे शिकता येते आणि त्याला काडतूस लागत नाही. रिव्हॉल्वरचा ट्रिगर हॅमर (मागचा घोडा) न ओढता दाबायला जड असतो. त्याच जड दाबावर सराव करावा, कारण प्रसंगी अंगठ्याने हॅमर ओढण्याइतके भान राहत नाही, आणि ओढलेल्या हॅमरवर बोटाचा नुसता स्पर्शही पुरतो.

उत्तर ३ (हिंगोली)

आखाड्याच्या रानडुकरांसाठी मात्र यातले काहीच घेऊ नका. .32 च्या गोळीने डुक्कर जागेवर पडणार नाही. ते जखमी होऊन हळदीच्या रानात शिरेल आणि सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्या माणसावर उलटेल. शिवाय वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याला मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्याकडे तार कुंपण आणि रात्रीची राखण यांनीच काय तो फरक पडला. पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी लांब नळीची बंदूक यांचा शस्त्र अधिनियमात वेगळा उल्लेख आहे. ती गरज वेगळी, तिचा अर्ज वेगळा.

उत्तर ४ (बीड)

मी वकिली करतो आणि आमच्या जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांचा प्रश्न किती गंभीर झाला हे सर्वांना माहीत आहे. डिसेंबर 2024 मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यातील परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. परवाना हा हक्क नसून कारण दाखवून मिळालेली मुभा आहे आणि ती काढून घेता येते, हे ध्यानात ठेवूनच शस्त्र निवडावे.

लग्नात, मिरवणुकीत किंवा वाढदिवसाला हवेत गोळी झाडणे हा 2019 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. निवडणूक जाहीर झाली की प्रशासनाच्या आदेशानुसार शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. त्याची पोच जपून ठेवावी. उदगीरहून बिदर किंवा देगलूरमार्गे तेलंगणात जाणे होत असेल तर परवान्याचे क्षेत्र जिल्ह्यापुरते आहे, राज्यापुरते आहे की देशभराचे, हे आधी वाचावे. नुसती सीमा ओलांडल्यानेही गुन्हा घडू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खासगी संरक्षणाचा अधिकार. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो पोहोचत नाही. पैशाची पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातल्यावर स्वसंरक्षणाचा बचाव टिकवणे फार कठीण आहे. म्हणून मी माझ्या पक्षकारांना सांगतो की रोख रकमेचे रक्षण बँकेने आणि विम्याने करावे. रिव्हॉल्वरचा विचार फक्त जीव वाचवण्यापुरता करावा.

प्रश्नकर्ता (उदगीर)

काका, ताई, वकील साहेब आणि हिंगोलीचे दादा, सर्वांचे मनःपूर्वक आभार. आखाड्याचा विचार मी सोडून दिला आहे आणि मजुरी शक्य तितकी खात्यावर देण्यास सुरुवात करतो. घरासाठी आणि प्रवासासाठी प्रबल घ्यायचे ठरत आहे. दुकानात ते घेताना नेमके काय पाहावे आणि नंतर त्याची निगा कशी राखावी?

उत्तर ५ (परभणी)

शस्त्र रिकामे आहे हे स्वतः पाहून घ्यावे आणि विक्रेत्याच्या परवानगीने हॅमर सावकाश मागे ओढावा. प्रत्येक कप्पा नळीच्या रेषेत येऊन घट्ट बसतो का, की सिलिंडर हाताने हलते, हे सहाही कप्प्यांवर तपासावे. सिलिंडर बंद केल्यावर त्याची खुंटी पूर्ण बसली पाहिजे. नळी उजेडाकडे धरून आतले आटे स्वच्छ दिसतात का ते पाहावे. कोरलेला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी अंकाअंकाने जुळवावा आणि परवान्यावर दिलेल्या मुदतीत तो नोंदवून घ्यावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात शस्त्राचा शत्रू घाम असतो आणि पेरणीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ. अंगावरून उतरवले की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जास्त तेलावर धूळ चिकटते आणि ते झिरपून काडतुसाच्या टोपीपर्यंत गेले तर काडतूसच निकामी होते. कातडी म्यानात ते कधीही ठेवून देऊ नये, पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि आठवडाभरात गंज दिसतो. अंगावर बाळगलेली काडतुसे वर्षाने सरावात संपवून नवी घ्यावीत. घरी रिव्हॉल्वर भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत रिकामे ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याजवळच असाव्यात, आईंच्या कपाटात नकोत.