मुलगा 'व्हिज्युअल' आहे म्हणे!

अबोली_ठाणे
सहावीतल्या मुलाच्या क्लासने 'लर्निंग स्टाइल', म्हणजे शिकण्याच्या शैलीची चाचणी घेतली. फी वेगळी. रंगीत अहवाल आला: 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून शिकणारा. तेव्हापासून पाढे म्हण म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आई, मी ऑडिटरी नाहीये."

हे खूळ आलं कुठून ते शोधलं. बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हातांनी करून असे चार कप्पे न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने 1992 मध्ये मांडले. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी शैलींवरचं संशोधन तपासलं. त्यांची अट साधी होती: बघणाऱ्याला चित्राने जास्त यायला हवं, आणि ऐकणाऱ्याला त्याच चित्राने कमी. असा भक्कम पुरावा जवळजवळ मिळालाच नाही. मुलांना आवडनिवड असते, मान्य. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, हे कुठे सिद्ध झालंय?

मोरपीस
साफ असहमत. माझी मुलगी चौथीपर्यंत वर्गात 'ढ' होती. मग बाईंनी कुठल्याशा कार्यशाळेत हे शैलींचं ऐकलं आणि तिच्या हातात वस्तू द्यायला लागल्या. 'ढ'च्या जागी 'हाताने शिकणारी' आलं. तुमच्या मानसशास्त्रज्ञांना तो फरक मोजता येणार नाही. आणि फ्लेमिंगने प्रश्नावली काढली ती आपल्या अभ्यासाच्या सवयींवर विचार करायला. क्लासवाल्यांनी तिचा धंदा केला, यात त्याचा काय दोष?

खडू_फळा
सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. 43 अधिक 29 घ्या. नऊ आणि तीन बारा, दोन लिहिले, हातचा एक. हा एक हातात कुठून आला, हे निम्म्या वर्गाला कळत नाही. मी बारा काड्या टेबलावर टाकतो, दहा मोजून रबर लावतो आणि गठ्ठा दशकाच्या घरात सरकवतो. तेव्हा बडबडी पोरं आणि गप्प पोरं एकदमच "हां!" म्हणतात. काडी लागते ती हातच्यासाठी, एखाद्या पोराच्या शैलीसाठी नाही. नकाशा बघावाच लागतो, कविता कानावर पडावीच लागते.

जाता जाता, ज्ञानरचनावाद या शैलींपेक्षा वेगळा. मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं, मूल आधीच्या समजुतींवर नवं रचतं. आमच्याकडचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, त्यासाठी गाजलं, गाड्या भरभरून शिक्षक बघायला यायचे. बऱ्याच जणांनी परत जाऊन तिथल्यासारख्या फक्त फरशा रंगवल्या.

मोरपीस
गुरुजी, म्हणजे माझ्या मुलीला काड्याच मिळाल्या ना? शिक्का चुकीचा का असेना, त्यामुळे बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं. सगळ्याच वर्गांत तुमच्यासारखे शिक्षक नसतात.

खडू_फळा
हे मात्र खरं आहे. पण तोच शिक्का लेखी पेपर आला की उलटतो. "मी हाताने शिकणारी, मला लिहायला जमत नाही." अबोलीताईंच्या घरी तेच चाललंय.

तर्कट_पुणेकर
नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, खरं ज्ञान मिळवायच्या वाटा, सांगितली. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे अनुमान. पण 'मी अनुमानवाला, मला शब्द चालत नाही' असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. चारही वाटा एकाच माणसाच्या.

मोरपीस
प्रमाणांचा प्रश्न ज्ञान खरं कशावरून, हा आहे. चौथीच्या वर्गात कसं शिकवायचं, हा नाही. भेळ करू नका!

तर्कट_पुणेकर
भेळ थोडी झाली खरी. पण 'शब्द' म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. रंगीत अहवालावर एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा, हा प्रश्न तिथलाच आहे.

अबोली_ठाणे
काल वही मिटून तेराचा पाढा विचारला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग वाचला होता: पाच मिनिटांनी परत परत वाचणारे पुढे, आठवड्याने मात्र न बघता आठवून काढणारे पुढे. तेरा सत्तेला अडला, चिडला, मग छताकडे बघत एक्याण्णव म्हणाला. आता रविवारी पुन्हा विचारणार आहे.

मोरपीस
अहवालाची फी परत मागितलीत का?

अबोली_ठाणे
मागितली. पॅकेजमध्ये पालकांचं समुपदेशनही आहे, ते घेऊन जा म्हणाले.