ब्रिटिश क्रिप्टिक शब्दकोडी सीमाभागात बसून सोडवताना

प्रश्न: चिकोडीकर

नमस्कार मंडळी. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात आणि पुढचे बेळगावात इंग्रजीतून झाले. ‘द हिंदू’मधील क्रिप्टिक कोडे (ज्यातील प्रत्येक क्लू, म्हणजे सूचक वाक्य, उत्तराचा सरळ अर्थ आणि त्याच्या अक्षरांची जुळवाजुळव दोन्ही लपवून देते) मला बहुतेक दिवशी पूर्ण सुटते, म्हणून ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाचे कोडे संकेतस्थळावर सोडवू लागलो, तिथे मात्र क्लूमधील प्रत्येक शब्दाचा अर्थ कळत असूनही अर्धी चौकट रिकामी राहते. उत्तरे पाहिल्यावर समजते, की ‘इंजिनिअर्स’ म्हणजे आर-ई ही दोन अक्षरे होती आणि ‘फ्लॉवर’ हे फूल नसून ‘फ्लो’ होणारी, म्हणजे वाहणारी नदी होती. असे संकेत तिकडच्या वाचकाच्या अंगवळणी पडलेले असतात. ब्रिटनमध्ये कधीही न राहिलेल्या माणसाने ते सगळे पाठ करावेत, की त्याला दुसरी काही रीत आहे? आणि त्याने लंडनच्या ‘टाइम्स’च्या कोड्याची आशा धरावी का?

उत्तर: कॅम्पातील निवृत्त

चिकोडीकर, पाठांतराला बसण्यापूर्वी आपल्याला आधीपासून काय येते ते पाहावे, असे मी सुचवेन. माझी सगळी नोकरी सैन्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने इथल्या कितीतरी घरांत ही भाषा रोजच्या बोलण्यातली आहे. ‘मेन’ किंवा ‘सोल्जर्स’ म्हटले की ओ-आर, कारण ‘अदर रँक्स’. ‘डॉक्टर’ म्हटले की एम-ओ, म्हणजे ‘मेडिकल ऑफिसर’. ‘ऑफिसर’ म्हणजे सी-ओ (‘कमांडिंग ऑफिसर’) किंवा ओ-सी (‘ऑफिसर कमांडिंग’). ‘गनर्स’ म्हणजे आर-ए, ‘रॉयल आर्टिलरी’, आणि तुम्हाला अडलेले आर-ई म्हणजे ‘रॉयल इंजिनिअर्स’. ‘व्हॉलंटिअर्स’साठी येणारे टी-ए हे टेरिटोरियल आर्मीचे संक्षिप्त रूप असून, ब्रिटनने ते नाव बदलले तरी कोड्यांत ते टिकून आहे, आणि आपल्याकडे तर ते सैन्यातही चालू आहे.

दुसरी शिदोरी क्रिकेटची. धावफलक वाचता येणाऱ्याला ‘मेडन’ म्हणजे एम, ‘कॉट’ म्हणजे सी, ‘बोल्ड’ म्हणजे बी आणि ‘डक’ म्हणजे शून्याच्या आकाराचा ओ, हे समजावून सांगावे लागत नाही. मी रचलेला एक साधा क्लू पाहा: ‘ओल्ड स्टोरी, ऑन फिनिश (६)’. ऑन साइड म्हणजेच लेग साइड, फिनिश म्हणजे एंड. दोन्ही जोडले की ‘लेजंड’ या शब्दाची सहा अक्षरे मिळतात आणि ‘ओल्ड स्टोरी’ हा त्याचा सरळ अर्थ सुरुवातीलाच दिलेला असतो. अमेरिकन माणूस इथे थबकतो. टिळकवाडीतल्या मैदानावर खेळलेला मुलगा थबकू नये.

उत्तर: खानापूरची शिक्षिका

काकांचे म्हणणे पटते, तरी संक्षिप्त रूपांची यादी हा माझ्या मते सोपा भाग आहे. नद्या घ्या: एक्स, डी, कॅम, टेस्ट, टीज, ऊझ एवढ्यांवर पुष्कळ काम भागते. ‘सिटी’ म्हणजे बहुधा ईली हे कॅथीड्रलचे छोटे शहर किंवा लंडनच्या टपाल विभागाचे ई-सी. ‘ईस्ट एंडर’, म्हणजे एच न उच्चारणारा पूर्व लंडनचा माणूस, दिसला, की शब्दाच्या सुरुवातीचा एच गाळायचा. अशा गोष्टी वहीत टिपून ठेवल्या तर हळूहळू संपतात.

न संपणारी अडचण उच्चाराची आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. ‘वी हिअर’, ‘ऑन द रेडिओ’, ‘रिपोर्टेडली’ असे शब्द आले की दोन समान उच्चारांच्या शब्दांवर क्लू बेतलेला असतो. परंतु ते उच्चार दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीतले असतात, जिच्यात स्वर पुढे नसेल तर आर उच्चारला जात नाही. उदाहरणार्थ, ‘केचप: इट्स ओरिजिन इज हर्ड (५)’. ओरिजिन म्हणजे सोर्स, तो ऐकू येतो ‘सॉस’सारखा, आणि केचप म्हणजे सॉस. आपण मराठी माणसे लिहिलेला प्रत्येक आर ठणठणीत उच्चारतो, त्यामुळे हे दोन शब्द आपल्या कानाला कधीच जुळत नाहीत. ‘कॉट’ आणि ‘कोर्ट’, ‘पॉ’ आणि ‘पोअर’ यांचेही तेच. मी वर्गात इंग्रजी शिकवते, आणि तरीही असा क्लू आला की शब्द कागदावर लिहून त्यातला आर पेन्सिलीने खोडते. ही खोडण्याची सवय लावून घ्यावी. कान बदलण्याची वाट पाहू नये.

उत्तर: निपाणीवाला

‘टाइम्स’च्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. ते कोडे १९३० साली सुरू झाले आणि त्याखाली रचणाऱ्याचे नाव छापत नाहीत. ‘गार्डियन’मध्ये उलट प्रत्येकाचे टोपणनाव असते, आणि माणसागणिक शैली इतकी बदलते की काल जमलेले आज जमत नाही. तिथे सोमवारचे कोडे सोपे ठेवण्याचा प्रघात आहे, तेव्हा आपण आठवड्यातून तेवढेच धरावे. ‘टाइम्स’मध्ये संपादकाची एकच शिस्त सगळ्यांना लागू होते. शिवाय अनेक दशके तिथे राजा किंवा राणी वगळता हयात व्यक्तीचे नाव येत नसे, त्यामुळे तिकडच्या दूरचित्रवाणीवरील चेहरे ओळखण्याची वेळ जुन्या संग्रहांत येत नाही. परदेशी माणसाला हे सोयीचे आहे. माझे स्पष्ट मत असे, की ‘टाइम्स’ची भीती अनाठायी आहे आणि ‘गार्डियन’ सोपा असल्याचा समज अर्धाच खरा आहे.

‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या परंपरेतील टॉर्केमाडा, झिमेनीझ आणि एझेड या तिघांची कोडी मात्र तूर्त लांब ठेवावीत. या तिघांनी टोपणनावे घेतली ती छळासाठी कुप्रसिद्ध स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची (एझेड हे तर देझा हे आडनाव उलटे लिहून केलेले आहे), यावरून त्यांचा हेतू ओळखावा. ‘चेंबर्स’ हा इंग्रजी शब्दकोश हाताशी असल्याशिवाय तिकडे वळण्यात अर्थ नाही, जरी त्या कोशात धोती, डकॉइट, पंखा असे आपलेच शब्द भेटतात.

चिकोडीकर

सर्वांचे आभार. ताई, आर खोडण्याचा उपाय कालच्या अडलेल्या क्लूवर लागू पडला. निपाणीवाले, ‘टाइम्स’चे जुने संग्रह बेळगावात कुणाकडे वाचायला मिळतील का? नवे पुस्तक मागवण्यापूर्वी एखादे चाळून पाहावे म्हणतो.

निपाणीवाला

माझ्याकडे दोन आहेत. पेन्सिलीने सोडवलेले आहेत, पण खोडून देता येतील.