भट्टी तापली की वायरलेस नोड नेटवर्कमधून का सुटतात?

प्रश्न (फाउंड्री_देखभाल):
आमच्या फाउंड्रीतील बॅटरीवरचे सेन्सर आयईईई ८०२.१५.४ई मधील टीएससीएच पद्धतीने (प्रत्येक सेन्सरने ठरलेल्या वेळी, बदलत्या चॅनेलवर बोलायची वायरलेस पद्धत) जोडलेले असून स्लॉट, म्हणजे एका संदेशासाठीचा वेळेचा तुकडा, १० मिलिसेकंदांचा आहे. भट्टी तापली की तिच्या भिंतीवर बसवलेले नोड, म्हणजे हे सेन्सर-बोर्ड, अधूनमधून सुटतात. सिग्नलची ताकद मात्र उत्तम दिसते. पाठवण्यासारखे काही नसेल, तर नोड ३० सेकंदांनी पालक-नोडला (ज्याच्यामार्फत तो नेटवर्कशी जोडलेला असतो) कीप-अलाइव्ह, म्हणजे संपर्क टिकवणारा छोटा संदेश, पाठवतो. गेटवेला (नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या यंत्राला) जीपीएसवरून वेळ दिल्यास फरक पडेल का?

उत्तर (क्रिस्टल३२):
सिग्नलची ताकद पोहोचलेल्या पॅकेटांचीच मोजली जाते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नये. असे बोर्ड झोपेत बहुधा ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर (घड्याळाला ठोके देणाऱ्या स्फटिकावर) वेळ राखतात. हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास अचूक असतो आणि तापमान तिथून वर वा खाली गेले की त्या फरकाच्या वर्गाच्या साधारण ०.०३५ पट पीपीएम (दशलक्षात एक भाग) इतका मंदावतो. बोर्ड ६५ अंशांवर असेल, तर ही मंदी सुमारे ५६ पीपीएम, म्हणजे ३० सेकंदांत जवळपास १.७ मिलिसेकंद होते. पालक-नोडची ऐकण्याची खिडकी मूळ सेटिंगमध्ये अपेक्षित क्षणाच्या अलीकडे-पलीकडे १.१ मिलिसेकंद एवढीच असते. मधे एखादे पॅकेट गेले तर घड्याळ जुळते; नाही तर विसाव्या सेकंदाच्या सुमारास नोड खिडकीबाहेर जातो.

उत्तर (स्लॉटफ्रेम):
जीपीएसने हा दोष जाणार नाही. टीएससीएचमध्ये नोड जुळतो तो आपल्या पालकाशी, पोचपावतीतून येणाऱ्या वेळेच्या दुरुस्तीच्या आधारे. बाहेरची खरी वेळ नोंदींवर तारीख-वेळ घालण्यापुरती लागते. तूर्त कीप-अलाइव्ह १० सेकंदांवर आणावा. खिडकी रुंदावणे मला पटत नाही, कारण मग रिकाम्या स्लॉटमध्येही प्रत्येक श्रोत्याचा रेडिओ जास्त वेळ चालू राहतो आणि बॅटरी संपते. चिपमधील तापमान-सेन्सर वाचून फर्मवेअरमध्येच मंदीची भरपाई करणे अधिक चांगले. शिवाय भट्टीवरच्या नोडला इतरांचा पालक होऊ देऊ नये, कारण त्याची चूक पुढच्या नोडांकडेही जाते.

फाउंड्री_देखभाल:
दोष क्रिस्टलचाच आहे, याची खात्री कशी करावी?

क्रिस्टल३२:
प्रत्येक पोचपावतीतील दुरुस्तीचा आकडा आणि बोर्डाचे तापमान एकत्र नोंदवावे. भट्टी तापताना दुरुस्ती एकाच दिशेने वाढत गेली, तर दोष क्रिस्टलचा. सुटण्याच्या क्षणापर्यंत ती किरकोळच राहिली, तर भट्टीच्या विद्युत यंत्रणेचा रेडिओला अडथळा होतो का, ते तपासावे.