वय ४७, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू: व्यायामाचा सल्ला नेमका कुणाकडून घ्यायचा? (कोल्हापूर)

पेठेतला_बैठा

वय ४७, उंची १७० सेंमी, वजन ८६ किलो, बेंबीजवळ कंबर १०२ सेंमी. काम टेबलावरचं, दिवसाला आठ-नऊ तास बसून. बीपीच्या गोळ्या: मेटोप्रोलॉल ५०, टेल्मिसार्टन ४०. शुगरच्या: नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. गोळीवर बीपी १३४/८४ च्या आसपास, उपाशीपोटी शुगर १२० ते १३५. जिना उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी दुखते. चढताना विशेष नाही, सूज नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली 'नियमित व्यायाम' एवढंच लिहिलंय. घराजवळ तालीम आहे, वस्ताद म्हणतात पहाटे या. जिमवाला तीन महिन्यांच्या पर्सनल ट्रेनिंगचे पैसे एकदम भरायला सांगतोय. घरचे म्हणतात, रंकाळा तलावावर फिरून या, बास झालं.

आधी कुणाकडे जायचं? शिकवणारा जाणकार आहे हे ओळखायचं कशावरून? आणि पहिला महिना काय करायचं? 'हळूहळू वाढवा' सोडून काहीही सांगा, फक्त आकड्यांत सांगा.

फिजिओ_राजारामपुरी

आधी गोळ्या लिहून देणारे डॉक्टर, मग गुडघ्यासाठी फिजिओ, मग जिम नाहीतर तालीम. शुगर आहे आणि इतकी वर्षं बैठं काम, म्हणून डॉक्टरांची परवानगी ही तुमच्या बाबतीत औपचारिकता समजू नका. पण तिथं जाऊन "व्यायाम करू का?" एवढंच विचारलंत तर उत्तर 'करा' एवढंच मिळणार. प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. ईसीजी पुरेसा आहे की स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करावी? (चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर यांतलं काहीही होत असेल तर ते आधी सांगायचं.)
२. डोळ्याचा पडदा तपासलाय का? शुगरमुळे पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजन आणि डोकं खाली जाणारे प्रकार बंद.
३. पायाच्या तळव्याची संवेदना ठीक आहे का? बधिरपणा असेल तर बूट, मोजे आणि रोज तळवा बघणं हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं.
४. व्यायाम वाढल्यावर ग्लिमेपिराइडचं काय करायचं? (या गोळीनं शुगर जास्तच खाली जाऊ शकते.)

आता मेटोप्रोलॉल. ही गोळी नाडी दाबून ठेवते. हातातल्या घड्याळात २२० वजा वय, त्याचे ७० टक्के असं गणित असतं. तुमच्यासाठी ते १२१ येतं. गोळीवर असताना तुम्ही दमून जाल तरी घड्याळ १०५ च दाखवू शकतं, आणि ट्रेनर म्हणेल अजून जोर लावा. त्याऐवजी बोलण्याची कसोटी लावा: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. दुसरं माप पावलांचं. १५ सेकंदांत २५ पावलं, म्हणजे मिनिटाला १००, ही मध्यम वेगाची ढोबळ सुरुवात. रंकाळ्यावर गप्पा मारत चालणारे बरेचजण याच्या खाली असतात.

गुडघा. उतरताना वाटीमागे दुखणं बहुतेक वेळा वाटी आणि मांडीच्या हाडातल्या दाबाचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू लांबत-लांबत शरीराचा भार धरतो, म्हणून तिथं जाणवतं. चांगला फिजिओ एक्सरे मागायच्या आधी तुम्हाला १५-२० सेंमीच्या पायरीवरून सावकाश उतरायला लावेल आणि गुडघा आत झुकतो का ते बघेल. झुकत असेल तर दोष बऱ्याचदा खुब्याच्या बाजूच्या स्नायूत असतो. गुडघ्याला पट्टा बांधून तो जात नाही. बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. पदवी आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. दहा दिवस नुसता शेक आणि करंट, व्यायाम एकही नाही, असं चाललं तर जागा बदला.

दुखण्याचा नियम: दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर अस्थिरोगतज्ज्ञ.

लाल_माती

दादा, तालमीत जरूर या, पण पोरांच्या मेहनतीत घुसू नका. खासबागच्या कुस्ती मैदानात लढायची तयारी करणारं पोरगं दिवसाला चार-पाच तास मेहनत करतं आणि बाकी वेळ झोपतं. तुम्ही तिथनं ऑफिसला जाणार.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. शेजारचा मारतोय म्हणून आपण पण शंभर बैठका मारायच्या. त्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तो दुखवा साधारण ७२ तासांत उतरतो, ते ठीक. पण मांड्या टम्म सुजल्या, पाय उचलेना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी तेल चोळत बसू नका. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरत असतो. त्याच दिवशी दवाखाना आणि रक्तात सीपीके (स्नायू फुटल्याचं दाखवणारी) तपासणी.

बैठक तालमीत चवड्यावर, टाच उचलून, पार खालपर्यंत मारतात. वाटीवर सगळ्यात जास्त दाब त्यातच येतो, तुमच्या गुडघ्याला ती आत्ता नको. टाच जमिनीला, दोरीला किंवा चौकटीला धरून, मागं खुर्ची ठेवून तिला टेकेपर्यंतच. पहिल्या आठवड्यात ८ च्या दोन खेपा, मध्ये दोन मिनिटं दम खायचा.

जोर सुद्धा जमिनीवर नको. डोकं खाली जातं, श्वास कोंडतो, बीपीवाल्याला उठताना अंधारी येते. कमरेएवढ्या कट्ट्यावर हात टेकून तिरपे जोर मारा. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. दहा सहज झाले की गुडघ्याएवढा कट्टा. कंबर लोंबू लागली की खेप तिथंच संपली, आकडा पूर्ण करायचा नाही. मुदगल (खांद्यावरून फिरवायचं लाकडी वजन) दोन-अडीच किलोचं घ्या, शोभेचं मोठं नको. मान पुढं काढून फिरवलं तर खांदा धरतो.

वस्तादांना एकच विचारा: "माझ्या वयाच्या माणसाला पहिल्या दिवशी काय देता?" उत्तरात ते तुमचं दुखणंखुपणं विचारायला लागले तर माणूस बरोबर आहे.

आणि खुराक पैलवानाचा घेऊ नका. थंडाई, तूप, दूधकट्ट्यावर समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध हे चार तास मेहनतीचं इंधन आहे. शिवाय दूध न तापवता पिणं कुणालाच सांगणार नाही, ब्रुसेलोसिससारखा तापाचा आजार त्यातनं येऊ शकतो.

डंबेल_आणि_डायरी

तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका. एका सत्राचे पैसे द्या आणि पहिली पंधरा मिनिटं बघत राहा. गोळ्या कोणत्या, कुठं दुखतं, आधी काय केलंय, झोप किती, हे त्यानं विचारून वहीत लिहिलं का? गुडघ्याचं ऐकून खुर्चीवरून उठबस करून बघायला सांगितली का? न विचारता थेट मशीनवर उभं करून चरबीचा कागद छापला आणि लगेच पावडरचा डबा पुढं केला, तर तो विक्रेता आहे. (त्या मशीनचा आकडा पाणी प्यायल्यानं, जेवल्यानं बदलतो. कंबरेची टेप जास्त खरं बोलते. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंमीच्या आत, बायकांना ८० च्या आत.) महिन्यात दहा किलोचं आश्वासन, कुठल्याही इंजेक्शनचा उल्लेख, पहिल्या दिवशी चालता न येण्याची बढाई: तिथून चप्पल घालून निघायचं.

सर्टिफिकेट बघा, पण कशाचं ते वाचा. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोर्स खेळाच्या प्रशिक्षणाचा आहे. तो चांगला असला तरी बीपी-शुगरवाल्यांना हाताळायचं त्यातून आपोआप येत नाही. प्रथमोपचार आणि सीपीआर शिकलाय का, हेही विचारा.

आता महिना. चालणं आठवड्याला पाच दिवस: पहिल्या आठवड्यात भरभर १५ मिनिटं, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात २५, चौथ्यात ३०. आधी पाच आणि नंतर पाच मिनिटं सावकाश, ती यात धरायची नाहीत. चौथ्या आठवड्यात १५० मिनिटं भरतात, जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस तेवढीच आहे. हीच शिफारस आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते, आणि फिरणारे नेमकं तेवढंच सोडतात.

ताकदीसाठी मंगळवार-शुक्रवार, पाच प्रकार: खुर्चीवरून उठबस (दुखलं तर बैठकीवर गोधडीची घडी टाकून उंची वाढवा), कट्ट्यावरचे जोर किंवा चेस्ट प्रेस (छातीपासून वजन पुढे ढकलणं), बसून केबल ओढणं, पाठ सरळ ठेवून कमरेत वाकून वजन उचलणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन २० मीटर चालणं. चालणं सोडून बाकीचे चार १० ते १२ वेळा. पहिले दोन आठवडे एकच सेट, पुढचे दोन आठवडे दोन, मध्ये ९० सेकंद. वजन असं की बारावा झाल्यावर अजून तीन होतील असं वाटलं पाहिजे. लागोपाठ दोन सत्रांत १२ स्वच्छ झाले की सर्वांत लहान प्लेट वाढवा.

श्वास कोंडून वजन उचललं की त्या क्षणापुरतं बीपी खूप वर जातं. उचलताना मोठ्यानं आकडा मोजा, श्वास आपोआप सुटतो. व्यायामाआधी बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. आणि संपल्यावर एकदम बाकावर बसू नका. व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैल असतात, त्यात टेल्मिसार्टनही बीपी खाली आणतं, म्हणून चक्कर येऊ शकते. पाच-सात मिनिटं रेंगाळत चाला.

पेठेतला_बैठा

हे छापून घेतलं. दोन शंका. सकाळी सहाला उपाशीपोटी फिरायला निघालो तर शुगर पडेल का? आणि पावडर नको तर प्रोटीन किती, कशातून?

फिजिओ_राजारामपुरी

सकाळची गोळी अजून घेतलेली नसते, म्हणून त्या वेळचा धोका कमी. नाश्ता-गोळीनंतर दोन-तीन तासांनी लांब चालणं जास्त जपून. पहिले पंधरा दिवस निघताना आणि आल्यावर ग्लुकोमीटरवर बघा, वहीत लिहा, ती वही डॉक्टरांना दाखवा. निघताना ९० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅम साखरेइतकं काहीतरी: पाण्यात तीन चमचे साखर किंवा लहान केळं. वाटेत ७० च्या खाली गेली तर थांबा, साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. खिशात साखरेची पुडी कायम.

यातली मेख अशी: शुगर पडल्यावर धडधड होते, हात थरथरतात, पण मेटोप्रोलॉल या दोन्ही खुणा झाकू शकतं. घाम मात्र झाकला जात नाही. थंडीत, सावकाश चालताना अचानक गार घाम आला तर दमल्याचा समजून पुढे रेटू नका. गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करू नका. शुगरसाठी रात्री जेवून झाल्यावर १०-१५ मिनिटं शतपावली जोडा, जेवणानंतरचा चढ त्यानं कमी होतो.

डंबेल_आणि_डायरी

प्रोटीन वाढवायच्या आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, शुगरवाल्याचं मूत्रपिंड ठीक असेल तरच पुढचं. तुमच्या उंचीला ७० किलो धरून किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८५ च्या आसपास. एका अंड्यात ६, कच्च्या वजनाच्या १०० ग्रॅम चिकन-मटणात साधारण २०, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५, कोरड्या ५० ग्रॅम मटकीत ११-१२. नाश्त्याला नुसते पोहे आणि सगळं प्रोटीन रात्रीवर, असं करू नका, तीन जेवणांत वाटा. पावडर घेतलीच तर डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक बघून, पक्क्या बिलावर. आणि रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या प्रोटीन म्हणून मोजू नका, त्यात मुख्यतः खोबऱ्याचं दूध असतं. तुकडे मोजा.