क्यूटीचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालतो, दुकानातल्या पीसीवर उघडतच नाही

गंधार_०७: मंडळी मदत करा. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी सी++ मध्ये बिलिंगचा छोटा प्रोग्राम लिहिलाय, क्यूटी ६ (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी), मिनजीडब्ल्यू ६४ बिट (कंपायलर), रिलीज बिल्ड. क्यूटी क्रिएटरमधून (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) रन केला की मस्त चालतो. दुकानात विंडोज १० आहे, तिथे नुसती एक्झी (प्रोग्रामची मुख्य फाइल) टाकली तर ही डीएलएल (प्रोग्रामला सोबत लागणारी फाइल) नाही ती डीएलएल नाही, मग मागेल ती टाकत गेलो, लिबएसटीडीसी++-६ ही सी++ ची डीएलएल नेटवरून उतरवली, आणि आता 'एन्ट्री पॉइंट नॉट फाउंड' येतंय. दोन दिवस गेलेत यात.

पाटा_वरवंटा: ती उतरवलेली डीएलएल आधी उडव. फाइलचं नाव तेच असलं तरी आतलं व्हर्जन जुनं असतं, तुझ्या कंपायलरला हवं ते फंक्शन त्यात सापडत नाही, म्हणून ही एरर. ज्या मिनजीडब्ल्यूने बिल्ड केलंस त्याच्याच बिन फोल्डरमधली घे. क्रिएटर रन करताना योग्य पाथ (डीएलएल कुठे शोधायच्या ते) स्वतःच लावून देतो म्हणून तुझ्याकडे काही कळलं नाही. आणि अनोळखी साइटवरून डीएलएल कधीच घेऊ नकोस रे, दुकानाचा हिशेब आहे त्या मशीनवर.

गंधार_०७: केलं दादा, ती एरर गेली. आता म्हणतो प्लॅटफॉर्म प्लगिन इनिशियलाइझ होत नाही. डीएलएल तर सगळ्या दिल्यात!

सायली_बिल्ड: प्लगिन म्हणजे क्यूटीचा सुटा भाग, ते बिल्डच्या वेळी एक्झीला लिंक झालेलं नसतं, प्रोग्राम सुरू झाल्यावर क्यूटी ते शोधून उघडतं, त्यामुळे विंडोज त्याचं नाव घेऊन कधी मागणारच नाही. एक्झीशेजारी प्लॅटफॉर्म्स नावाचं फोल्डर आणि त्यात क्यूविंडोज डीएलएल लागते. हाताने करत बसू नकोस, रिकाम्या फोल्डरमध्ये फक्त एक्झी ठेव आणि क्यूटीच्या कमांड प्रॉम्प्टमधून त्यावर विनडिप्लॉयक्यूटी (लागणाऱ्या फाइल्स गोळा करणारं क्यूटीचं टूल) चालव, कंपायलर-रनटाइमचा पर्याय देऊन, म्हणजे कंपायलरच्या डीएलएलही येतील. रिकामं फोल्डर यासाठी की आधीच्या फाइलची तारीख नवी दिसली तर ते टूल तिला हातच लावत नाही, चुकीची फाइल तशीच राहते. डेटा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये आहे का? मग एसक्यूएलड्रायव्हर्स फोल्डर पण आलंय ना बघ, तेही प्लगिनच, नाहीतर विंडो उघडेल आणि पहिल्याच बिलाला 'ड्रायव्हर नॉट लोडेड' येईल.

गंधार_०७: ताई चाललं!! एसक्यूलाइटच आहे, ते फोल्डरही आलंय. अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवरून नेलं, आत्ताच मामाने पाइपांचं बिल काढलं. दोघांचे मनापासून आभार.