मदत हवी आहे: आजऱ्याला आत्याकडे ताजी फुलं कशी पोहोचवू?

मार्चएन्ड

मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. माझी आत्या आजऱ्याला असते. ३० मार्चला तिला ७५ वर्षं पूर्ण होतात. मी कोल्हापुरात बँकेत आहे, त्यामुळे त्या दिवशी रजा हा शब्द तोंडातून काढायचीही सोय नाही.

डिसेंबरात ती अंगणात घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. परसात तिचा निशिगंधाचा वाफा होता. दिवेलागणीला दोन दांड्या कापून माजघरात आणायची, लहानपणी तो वास आला की समजायचं, आता शुभंकरोतीला बसायचंय. पडल्यापासून वाफ्याला कुणी पाणी घातलेलं नाही. म्हणून या वेळी तिला निशिगंधच पाठवायचाय. साडी नको म्हणते, "कपाटात पडल्यात की ढीगभर."

गेल्या वर्षी ऑनलाइन मागवून बघितलं. पिनकोड टाकल्यावर हिरवी खूण आली, पैसे भरले. वाढदिवसाच्या दुपारी फोन: "मॅडम, आजऱ्याला आमचा माणूस जात नाही, गडहिंग्लजला येऊन घेऊन जाता का?" शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलं. निशिगंधाच्या जागी निळा रंग दिलेली ऑर्किडं आणि वितळलेली चॉकलेटं. आत्यानं विचारलं, "ही निळी फुलं खरी हाईत व्हय गं?" मी हो म्हणाले. काय सांगणार?

तर, एस.टी.च्या पार्सलनं फुलं जातात का? अंतर नव्वदएक किलोमीटर, वेळ तीन तास धरा. मार्चच्या उन्हात तग धरतील? की गडहिंग्लजला कुणाला सांगणं बरं? घरी मांजर आहे, म्हणजे फुलदाणी उंचावर ठेवावी लागेल, तेही लक्षात घ्या.

तिखटमीठ

७५ झाली म्हणजे एस.टी. फुकट की! फुलं कसली पाठवताय, आत्यांनाच गाडीत बसवा आणि अंबाबाईला आणा.

मार्चएन्ड

खुबा, दादा, खुबा. डॉक्टरांनी अजून दोन महिने पायरी चढायची नाही म्हटलंय.

तिखटमीठ

वाचायचं राहिलं. माफ करा ताई.

फुलपुडी

मांजर आहे म्हणता म्हणून आधीच सांगते. बुकेवाल्याला "मिक्स फुलं द्या" म्हणालात तर तो लिली घालणार. खरी लिली मांजराला विषारी असते. पान चघळलं, नाही तर अंगाला लागलेला पराग चाटला, तरी मूत्रपिंडं निकामी होतात. निशिगंध दिसायला थोडा तसा असला तरी त्यातला नाही, त्याची काळजी नको.

दुसरं, सोबत हापूसची पेटी पाठवायचा मोह होईल. एकाच खोक्यात फळं आणि फुलं घालू नका. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन तर मिटूनच जातं. हा उद्योग मी एकदा केलाय, नणंदेच्या बारशाला. पेटी उघडली तेव्हा आंबे छान पिकले होते, फुलांचा मात्र नुसता कचरा.

जोतिबा रोड

ताई, आमचा हार-फुलांचाच धंदा हाय, म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हंजे बुके सांगू नका. तो हिरवा स्पंज एकदा कोरडा पडला की परत पाणी धरत न्हाई. गाडीत तीन तास म्हंजे फुलं वर हसतायत आणि खाली तहानल्यात. सुट्टी फुलंबी नकोत. किलोवर मिळतात ती हारासाठी. पिशवीत कोंडली की आतनं गरम होतात आणि कडा तांबड्या पडतात. तुम्हाला पाहिजे लांब दांडी.

दांडी निवडताना खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर कळ्या गच्च, अशी बघून घ्या. सगळ्या कळ्या मुक्या असल्या तर तशाच राहतात, उमलत न्हाईत. सगळी फुललेली घेतली तर आजऱ्यापर्यंत निम्मी गळतील. दोन डझन घ्या, वाटेत मोडतात चार.

आता मेन गोष्ट. आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या. घरी आल्याबरोबर बूड बोटभर तिरकं कापा, बादलीत निम्म्याहून जास्त दांडी बुडंल एवढं पाणी घ्या आणि रातभर न्हाणीत ठेवा. दांडीनं पोटभर पाणी प्यायलं की मग तीन तास काय, पाच तास निघतात. सकाळी बुडाला ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, आणि ते फक्त बुडालाच. वरच्या बाजूला वर्तमानपत्र गुंडाळायचं आणि टोक उघडं सोडायचं. वर प्लास्टिक घातलं की आत घाम सुटतो. लोक बर्फ घालतात, तसलं काय करू नका, कळी काळी पडते.

खोक्याला चार भोकं पाडा आणि उन्हाच्या आधीची गाडी धरा. टपावर न्हाई ठेवायचं.

तिकडं पोचल्यावर परत एकदा तिरकं कापून पाण्यात ठेवायला सांगा. पाणी रोज बदलायचं. नुसती साखर घालू नका, पाणी कुबट मारतं.

मार्चएन्ड

दादा, तुम्ही तर माझी अर्धी चिंता काढून घेतलीत.

घाटमाथा

मी आजऱ्याचा. पार्सल जातं, पण स्टँडवर येतं, घरी येत नाही. पावतीचा नंबर आणि गाडीची वेळ तिकडच्या माणसाला फोनवर सांगा आणि घ्यायला कोण येणार ते आधी ठरवा. आत्याबाई वॉकरवर आहेत, म्हणजे शेजारी कुणीतरी लागेल. ओळखीच्या कंडक्टरच्या हातात तसंच द्यायचा सल्ला कुणी देईल, ते नियमात बसत नाही आणि हरवलं तर विचारायचं कुणाला?

आणखी एक. गाडी निपाणी-संकेश्वरवरून येते, म्हणजे मधला रस्ता कर्नाटकातला. सीमेवर काही झालं की गाड्या थांबतात. आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या.

पण मला वेगळंच विचारायचंय. आजऱ्याला चांगली वस्तू फक्त कोल्हापूरच्याच बाजूनं येते, असं तुम्ही सगळ्यांनी का धरलंय? आमच्या गावाला दुसरा रस्ताही आहे. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. आता मार्चात तिकडं सुरंगीचा हंगाम आहे. वेंगुर्ल्याकडं पहाटे कळ्या काढतात आणि बायका बसून वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, ओवतात. सकाळच्या गाडीनं वळेसर आजऱ्यात येईपर्यंत जेमतेम फुलायला लागलेला असतो. सुरंगीला उन्हाची भीती कमी, सुकली तरी वास जात नाही. तुमच्या आत्यानं ती नक्की माळली असणार, विचारून बघा.

आणि साधा हार हवा असेल तर आदल्या दिवशी सांगितलं की गावातला हारवालाही करून देतो. रवळनाथाला रोज हार लागतात, ते काही कोल्हापूरहून येत नाहीत.

मार्चएन्ड

लागलं मला हे. खरंच डोक्यात आलं नव्हतं. आजरा म्हणजे कोल्हापूरहून निघालेली शेवटची गाडी, असंच लहानपणापासून बघत आलेय. आत्याला आडून विचारलं, "सुरंगी आठवते का?" तर म्हणाली, "आईच्या माहेरची फुलं ती. मी तेरा वर्षांचा असताना माळलेली." (आमच्या घरातल्या सगळ्या बायका अशाच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

घाटमाथा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

घाटमाथा

बघितला. वहिनी ३० तारखेला सकाळी सावंतवाडीहून येतायत. चार वळेसर आणायला सांगितलेत. पैशाचं नंतर बघू.

जोतिबा रोड

मग निशिगंध रद्द काय?

मार्चएन्ड

अजिबात नाही. दोन्ही.

मार्चएन्ड

मंडळी, आज २ एप्रिल, आत्ता कुठे श्वास घेतेय. काय झालं ते लिहिते.

२९ तारखेला बँकेतून निघायला रात्रीचे साडेनऊ झाले. निशिगंध दुपारीच घेऊन ठेवायला शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. त्यांनी दांड्या बघून आणल्या, पण बादलीऐवजी पितळी तांब्यात ठेवल्या होत्या, देवासाठी आहेत असं समजून. रात्री अकराला कापून बादलीत घातल्या. सकाळी सहाची गाडी धरायची ठरवली आणि गजर बंद करून झोपले. चूक सर्वस्वी माझी. खोकं गेलं साडेनऊच्या गाडीनं, म्हणजे भर उन्हात.

सुरंगी अकरालाच पोहोचली होती. शेजारच्या वहिनींनी फोन लावून दिला. आत्या काही बोलेचना. मला वाटलं रेंज गेली. मग हळू आवाजात, "कुणाला सांगितलंस हे?" एवढंच. नंतर कळलं की केस आता विरळ झालेत, वळेसर अंबाड्यावर टिकेना, म्हणून तिनं तो मनगटाला गुंडाळून घेतला आणि दिवसभर तसाच ठेवला.

निशिगंध दीड वाजता आला. चोवीसपैकी पाच दांड्या मोडल्या, बाकीच्यांच्या माना खाली. वहिनींच्या मुलानं स्टँडवरून सायकलवर आणल्या. आत्यानं फोनवर मला खडसावलं, "असं मुरगाळून पाठवतात व्हय? आण ती कात्री, मी कापतो." खुर्चीत बसून एकेक दांडी तिनं स्वतः कापली. संध्याकाळी सातनंतर कळ्या उमलायला लागल्या. दोन दांड्या रवळनाथाला गेल्या, तीन वहिनींकडे, आणि खर्च किती आला हे तिनं तीनदा विचारलं. मी निम्मा सांगितला.

वळेसर तिसऱ्या दिवशी सुकले. ते रुमालात बांधून तिनं साड्यांच्या घडीत ठेवलेत. आणि हो, तिखटमीठ, दोन महिन्यांनी ती फुकट गाडीनं येणार म्हणते. तुमचं म्हणणं तिला सांगितलं, तर म्हणाली, "कोण गं हा शहाणा?"

जोतिबा रोड, एक राहिलं. आत्यानं वाफा उकरायला लावला, तर खाली कंद आहेत. बरेच बारके, काही मोठे. पुन्हा लावायला एप्रिल चालेल का?

जोतिबा रोड

चालतंय की. एप्रिल-मे हाच टाइम हाय लावायचा. सुपारीएवढे आणि त्याहून मोठे तेवढे ठेवा, बारके आत्ता फुल द्यायचे न्हाईत, ते बाजूला लावा. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडी येती, म्हंजे श्रावणात बघा. फक्त आजऱ्याचा पाऊस लई, सपाट वाफ्यात पाणी तुंबलं की कंद कुजतोय. माती उचलून गादीवाफा करायला सांगा.